कलम करा, उशीर नको

नाशिकहून निघाले तेव्हा माझ्यासोबत आंब्याच्या रोपांचे सहा पत्र्याचे डबे होते आणि तोंडावर शहाणपणाचं तेज होतं. डबे हसनाबादपर्यंत टिकले. तेज वाटेतच उतरलं.

त्याचं असं झालं. हसनाबादला गोदामावशीच्या विहिरीवर एक जुना आंबा आहे. लहानपणी त्याचा रस ओरपून दर उन्हाळ्यात मी गळवं उठवून घेतली, तरी जिभेला अक्कल आली नाही. यंदा मावशीनं कळवलं, झाड म्हातारं झालं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आंबे लागले, काय करावं? मी शाळेत बागकाम शिकवते, मग काय विचारता! लगेच कार्ड टाकलं : 'कलम करा, उशीर नको.' म्हणजे कोयीची रोपं फांद्यांशी बांधा, सांधा जुळला की या झाडाचीच जात नव्या रोपात उतरेल. एवढं लिहायला कार्डावर जागा होती. ती मी सगळ्यांच्या तब्येतीच्या चौकशीत घालवली.

उत्तर मावसभावाचं, दिगंबरचं आलं. 'अक्का, तुझ्या हुकमाबराबर शनिवारी आंबा कलम करतो. चार माणसं सांगितली. जमलं तर ये.'

चार माणसं! खेड्यात कलमाची एवढी हौस पाहून मला भरून आलं. रोपं तर त्यांच्याकडे नसणारच म्हणून माझी घेतली, बांधायला केळीचं सोपट घेतलं आणि निघाले.

मनमाडला छोट्या गाडीत बसताना डब्यांवरून भांडण झालं. मी काही कमी बोलणारी नाही, डबे बाकावरच आले. शुक्रवारी जालन्यात मस्तगडातल्या ओळखीच्या घरी उतरले. जवारीची गरम भाकर आणि ठेचा असा होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी मी दुसरी भाकर मागून घेतली.

शनिवारी सकाळी राजूरच्या मोटारीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून असलेले. डब्यांकडे बघत म्हणाले, "हे काय घेऊन चालल्या बाई?"

"आंब्याचं कलम करायचंय."

"असं? मंग ही रोपं त्याच्या जागी लावणार."

"जागी कशाला? आंबा आहे तिथंच राहणार."

"कलम केल्यावर कसा राह्यल?" त्यांनी तळहात मानेवरून आडवा फिरवला. "आमची समदी शाळा उर्दूत झाली बाई. कलम म्हणजे तोडून बिलकुल साफ. सर कलम, हात कलम."

दिगंबरची शाळासुद्धा उर्दूतच झाली होती. चार माणसं कशाला सांगितली, ते मला तेव्हा कळलं.

त्यात पुढं ओढ्याला पाणी. ड्रायव्हर खाली उतरून विडी पेटवून बसला. मी ओरडले, "अहो, चला ना! माझा आंबा मरतोय तिकडं!" सगळी मोटार खदाखदा हसली. ड्रायव्हर म्हणाला, "पाणी उतरू द्या बाई. जल्दी करून आपण समदेच मरायचो." म्हातारे मात्र हसले नाहीत. राजूरला उतरल्यावर त्यांनीच हाका मारून हसनाबादचा एक छकडा थांबवला आणि डबे स्वतः चढवून दिले.

छकडेवाल्याला मी आंब्याचं विचारलं. तो म्हणाला, "गोदाबाईचा व्हय? काल सांजच्याला कुऱ्हाडीला धार लावून राह्यलते तिथं."

पुढचा रस्ता मी काही पाहिला नाही. प्रवासवर्णन लिहिणारीनं असं सांगू नये, पण दोन्ही बाजूंना काय पेरलं होतं ते मला विचारू नका. मी फक्त कुऱ्हाडीचा आवाज येतो का ते ऐकत होते.

शेवटच्या वळणावर डोळे मिटून घेतले. मग नाकाला उग्र वास आला आणि कानाला नुसता कलकलाट. डोळे उघडले. आंबा उभा होता! फांदी न् फांदी बगळ्यांनी पांढरी झालेली. खाली चार माणसं तंबाखू मळत बसली होती, कुऱ्हाडी बाजूला पडल्या होत्या. दिगंबर फुरंगटून उभा, आणि मावशी बुंध्याला पाठ लावून बसलेली. मी छकड्यातून उडी टाकली ती थेट चिखलात. तशीच जाऊन झाडाला मिठी मारली आणि रडले. लाज कसली त्यात?

"बघ की अक्का," दिगंबर म्हणाला, "सकाळपासून हात लावू देईना."

तिकडं झाड तोडायच्या आधी सांजेला बुंध्याला हळदकुंकू वाहतात आणि वरच्या पाखरांना सांगतात, बिऱ्हाड हलवा. मावशीनं ते एकदा सोडून तीन सांजा केलं होतं.

"तीनदा सांगितलं," मावशी म्हणाली. "ऐकून न्हाई राह्यले. पिलं हायेत, कुठं जातील? पिलं उडाल्याबिगर कुऱ्हाड लावू देणार न्हाई."

"अरे गाढवा," मी दिगंबरकडं वळले, "बांध म्हणाले होते, तोड नाही!"

"मंग बांधा असं लिहायचं ना!"

खरं होतं त्याचं.

मग त्याच चार माणसांनी दुपारभर डबे फांद्यांशी टांगले आणि मी दाखवलं तशी साल तासून सोपटानं सांधे बांधले. बगळ्यांनी माझ्या लुगड्याची पार रया घालवली. मावशी म्हणाली, "दिवसभर बैलामागं किडे वेचतेत बिचारे. घाण करतेत, मंग करू दे. आपण न्हाई करत?"

निघताना मी विचारलं, "मावशी, तुझ्या मनात नव्हतं, तर मला उलट का नाही लिहिलंस?"

"तू शिकलेली. तू सांगितलं म्हंजी बराबरच असंल, असं म्हणलं," ती म्हणाली. "तीन सांजा रडले मी."

परतीच्या गाडीत माझे हात मोकळे होते आणि जीव हलका झाला होता, तरी ते वाक्य नाशिकपर्यंत टोचत राहिलं. मी न बघता चार शब्दांचा हुकूम सोडला होता. मावशीनं बगळ्यांनासुद्धा तीनदा सांगून वाट पाहिली.

दसऱ्यानंतर दिगंबरचं कार्ड आलं. पिलं उडून गेली. सहापैकी चार सांधे जुळले. आंब्याला नवी पालवी आहे. खाली कोपऱ्यात लिहिलं होतं : 'आई म्हणते, पुढच्या बारीला लिहू नको, ये.'