सगळ्यांचा एकच कालथा

लालबागला आमच्या चाळीत बाजूच्या खोलीत एक वेबसाइटवाला राहतो. माझ्या खानावळीची ऑर्डरची साइट त्यानेच बनवली. कधी आत येणार नाही, दारातच उभा राहून पंख्याकडे बघत बोलणार.

"शेठ, साइटमध्ये एखादी गोष्ट ग्लोबल ठेवली ना, की कुठलंही पान येऊन तिला हात लावतं. एकाने घाण केली की सगळीकडे घाण. म्हणून ज्याला जे लागेल ते आपणच त्याच्या हातात द्यायचं. डिपेन्डन्सी इन्जेक्शन."

मी चौथी नापास. पण मान अशी हलवली, जसं काय मीच शिकवलं त्याला.

संकष्टीला चाळीतल्या गिऱ्हाईक मावश्यांचे उपासाचे डबे भरले आणि त्याला खिचडी चाखायला दिली. त्याने नुसता वास घेतला.

"शेठ, बोंबील कुठल्या कालथ्याने परतले?"

"ह्याच. एकच तर आहे."

"मग हा ग्लोबल झाला. चूक बिल्डमध्येच, म्हणजे बनवतानाच अडवायची, गिऱ्हाईकापर्यंत जाऊ द्यायची नाही."

डबे गेले असते तर मावश्यांनी खानावळच बंद पाडली असती. मी कढई आणि कालथा घासून दुसरी खिचडी टाकली, तोपर्यंत हा दार अडवून मावश्यांना सांगत होता, "सर्व्हर डाउन आहे."

पहिली खिचडी अख्खी मीच खाल्ली. खरं सांगतो, एवढी चांगली मला कधी जमलीच नव्हती.