न बसणारं ब्रॅकेट

रबराच्या त्या वासानेच मला मळमळतं. जुन्या गाड्यांसाठी हल्ली जे ‘हुबेहूब’ म्हणून नवे भाग विकतात, त्यांतल्या दाराच्या पट्ट्यांना कुजक्या माशांचा वास येतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या विरघळून बोटांना चिकटतात. चकचकीत मुलामा बटाट्याच्या सालीसारखा निघतो. डर्बीशायरमधल्या आमच्या उघड्या गाड्यांच्या क्लबात सुटे भाग मागवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे ही सगळी घाण आधी माझ्या गॅरेजात येते. त्यातली निम्मी आमच्या क्लबातला होरेस ओलरनशॉ परत पाठवायचा.

होरेसचा जन्म चुनखडीच्या खाणीतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. लग्नाच्या आधी घेतलेली दोन सीटांची उघडी गाडी हीच त्याची कमाई. ती कारखान्यातून निघाली तशीच्या तशी ठेवायची, एवढं एकच वेड. भागांच्या बाजारात तो चिखल तुडवत हिंडायचा तेव्हा कोटाच्या खिशात जुना अस्सल भाग असायचा, ताडून बघायला. नवा भाग हातात दिला की तो आधी हुंगायचा, मग मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरायचा.

“हे काय आहे, नॉर्मन?”

“बिजागरी.”

“ही बिजागरीची टिंगल आहे. ज्याने केली त्याला दार म्हणजे काय ते माहीत नाही.”

आणि चौथ्या दिवशी ती पुडी, त्याच दोरीने बांधलेली, माझ्या पायरीवर.

त्याच्या तोंडी आणखी एक वाक्य कायमचं होतं. “माझी गाडी कधीही धडकलेली नाही.” लग्नात, मयतीनंतरच्या चहाला, पाद्र्यापाशी, कुठेही. स्टीअरिंगला त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, बायकोलासुद्धा नाही. एनिड आयुष्यभर डावीकडे बसली, डोक्याला स्कार्फ आणि मांडीवर थर्मास. ते वाक्य सुरू झालं की ती खिडकीबाहेर बघायची.

आता ब्रॅकेटची गोष्ट. समोरची काच दोन बाजूंना दोन पितळी ब्रॅकेटांवर उभी असते. ती कुठे मिळेनात, म्हणून क्लबाने टिप्टनच्या लेस्ली प्यू नावाच्या ओताऱ्याकडून ती ओतून घ्यायचं ठरवलं. अशा वेळी ज्याची गाडी सर्वांत अस्सल, त्याच्याकडून नमुना मागून न्यायची आमच्यात पद्धत आहे. साहजिकच होरेसची ब्रॅकेटं नेली. मी त्या वेळी या कामावर नव्हतो, देवाची कृपा.

नवी ब्रॅकेटं आली आणि उजवी सगळ्यांना बसली, डावी कुणालाच बसेना. आवळायला गेलं की काच तडकायची. तोवर काम माझ्याकडे आलेलं, म्हणून शिव्या मला. प्यू फोनवर शपथ घेऊन सांगायचा की नमुन्यात आणि मालात केसाचाही फरक नाही. गेल्या शरद ऋतूत होरेसच्या स्वतःच्या डाव्या ब्रॅकेटला चीर गेली, तेव्हा मी नाक मुठीत धरून त्याला क्लबाचं नवं नेऊन दिलं. त्याने हुंगलं. जागेवर ठेवलं. ते चपखल बसलं.

“इतक्या वर्षांत पहिली धड वस्तू,” होरेस म्हणाला. “आणि तुम्ही गाढवं ती परत पाठवताय.”

मला त्या ब्रॅकेटाहून त्याच्या चेहऱ्यावरच्या समाधानाचीच जास्त शिसारी आली. कारण पुढे काय होणार ते दिसत होतं.

वार्षिक सभा चर्चच्या हॉलमध्ये होती. होरेस उभा राहिला. “ब्रॅकेट बरोबर आहे. तुमच्या गाड्या वाकड्या आहेत. कुठे ना कुठे ठोकल्यात आणि कबूल करायची लाज वाटते. माझ्या गाडीचं माप हेच खरं माप, कारण माझी गाडी—”

“कधीही धडकलेली नाही,” मागून चारपाच जण कंटाळून म्हणाले.

पण डेस्मंड नावाचा एक तरुण बसचालक मान खाली घालून बसला होता. त्याला बापाकडून मिळालेल्या गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. तो म्हणाला, “मग मी शनिवारी ब्रॅकेट बसेल असा पत्रा कापून घेतो. वेल्डरला सांगून ठेवलंय.”

एनिड चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली.

“कापू नकोस, डेस्मंड. तुझी गाडी सरळ आहे. आमची धडकलीय.”

“काहीतरी बोलू नकोस,” होरेस म्हणाला. “कोण धडकवणार?”

“मी.”

“तुला गाडी चालवता येत नाही.”

“येत नव्हतीच. म्हणून तर धडकली.” ती त्याच्याकडे बघत सांगत होती, आम्ही नव्हतोच जणू. “तुझं अपेंडिक्स फुटलं होतं, तुला इस्पितळात नेलेलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. बस बंद, वरून गारा. छत कसं लावायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून तशीच निघाले. फाटकाचा दगडी खांब डावीकडे लागला. तू घरी यायच्या आत नालबंदाने ठोकून, रंगवून दिलं, पत्रा आणि ब्रॅकेट दोन्ही, एकमेकांना जुळतील असं.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“सांगणार होते. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस? गाडी कोरडी आहे ना. म्हटलं, आहे. तेव्हापासून तुझं ते एक वाक्य ऐकतेय. वीट आला मला त्याचा.”

होरेसने टोपी उचलली. केकला हातही न लावता दोघं बाहेर पडली आणि त्याच गाडीतून घरी गेली, ती डावीकडे, स्कार्फ बांधून.

प्यूने जुना साचा फोडला आणि डेस्मंडच्या गाडीवरून नवा केला. डावी ब्रॅकेटं सगळ्यांना बसली. एक घेऊन मी होरेसकडे गेलो.

“एका दुपारचं काम आहे,” मी म्हटलं. “पत्रा ताणून सरळ करू, हे बसवू. कारखान्यातून निघाली तशी होईल. जन्मभर हेच हवं होतं ना तुला?”

“करून टाका एकदाचं,” स्वयंपाकघरातून एनिड म्हणाली. “मला काही वाटणार नाही.”

होरेसने ब्रॅकेट हुंगलं. जागेवर ठेवलं. एका बाजूला बोट जाईल एवढी फट राहिली. मग त्या ठोकलेल्या पत्र्यावरून तो अंगठा फिरवत राहिला. त्या जागेला तो इतकी वर्षं दर रविवारी पॉलिश करत आला होता.

“छत लावायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं,” तो हळू आवाजात म्हणाला.

मग त्याने ब्रॅकेट कागदात गुंडाळलं, त्याच दोरीने बांधलं आणि नाक मुरडून माझ्या हातात कोंबलं.

“बसत नाही,” तो म्हणाला. “परत पाठव.”