समुद्रातील रस्ता मोकळा करून मिळणेबाबत

"विषय काय टाकू, आप्पा?"

"टाक, रस्ता अडवल्याबाबत."

मी कीबोर्डवरचे हात उचलले आणि तुळशीराम आप्पांकडे पाहिलं. दुपारचे तीन वाजले असतील. मोताळ्याच्या तहसील ऑफिससमोर निंबाखाली माझं टेबल आहे. अर्ज, शपथपत्रं, नोटिसांची उत्तरं टाइप करून देतो. आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे, पूर्वी त्याच जागी टाइपरायटर होता. जेवणाची सुट्टी संपून साहेब लोक आत गेले की झाडाखाली एक गुंगी पसरते. पिवळी पानं कीबोर्डवर पडतात, मी फुंकर मारून उडवतो, ती पुन्हा पडतात. अशा वेळी माणूस काहीही बोलला तरी ते शक्य वाटतं.

तरी मी म्हणालो, "आप्पा, रस्ता समुद्रात आहे."

"मंग? समुद्रात रस्ता नसते काय? जहाज का उडून जाते?"

"आणि अर्ज करायचा दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला."

"हाव. नवा बसला ना आता गादीवर? नवा साहेब आला का अर्ज नव्यानं द्या लागते. हे तूच शिकोलं मले."

हे खरं होतं. आमच्या धंद्यात बदलीचा हंगाम हाच मोठा हंगाम. जुन्या साहेबाने अर्जावर मारलेला शेरा नव्या साहेबावर बंधनकारक नाही, असं लोक धरून चालतात. त्यामुळे नवा तहसीलदार रुजू झाला की फाइलीतले पिवळे पडलेले अर्ज बाहेर निघतात, तारीख बदलून पुन्हा टाइप होतात. खुद्द आप्पांच्या शेतरस्त्याचा अर्ज मी सहा वेळा टाइप केला होता. त्यांच्या शेताची वाट एका बड्या जमीनदाराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाते. त्याचं भांडण झालं शेजारच्या तिसऱ्याशीच, पण त्या तिसऱ्याची आणि आप्पांची वाट एकच. त्याने काट्या टाकल्या आणि आप्पांची गाडी अडली. पाच साहेब आले आणि गेले. सहावा स्वतः बांधावर येऊन उभा राहिला आणि काट्या काढायला लावल्या. तेव्हापासून आप्पांचा दोनच गोष्टींवर विश्वास आहे. एक अर्ज, दुसरा नवा साहेब.

आता गजाननबद्दल सांगतो. हा आप्पांचा एकुलता मुलगा. तेलवाहू जहाजावर मोटरमन होता. मोटरमन म्हणजे रेल्वेचा नव्हे; जहाजाच्या इंजिनरूममध्ये मशीनची देखभाल करणारा. नळगंगेच्या धरणात पोहायला शिकलेलं हे पोर एकदम समुद्रात गेलं, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. मग त्या बलाढ्य देशाने दुसऱ्या एका देशावर निर्बंध घातले. निर्बंध म्हणजे त्याचं तेल कोणी घ्यायचं नाही, कोणी न्यायचं नाही. गजाननच्या जहाजात तेच तेल आहे, असा संशय घेऊन मोठ्या देशाच्या नौदलाने जहाज अडवलं आणि तपास पूर्ण होईपर्यंत एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकायला लावला. तपास काही पूर्ण होईना. गजाननचा करार नऊ महिन्यांचा. तो संपून वर पाच महिने झाले होते. जमीन समोर दिसायची, पण उतरता येत नव्हतं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचं नाव चावडीवर घेऊ नये, हा आमच्या धंद्याचा रिवाज.

गजानन जहाजावर गेल्यावर चार महिन्यांनी त्याला मुलगी झाली. आप्पांनी बारसं थांबवलं. बाप येईल तेव्हा नाव ठेवू म्हणाले. जन्माच्या नोंदीचा अर्ज मीच टाइप केला होता, नावाचा रकाना कोरा ठेवून. तसा दाखला मिळतो, नाव नंतर भरता येतं. आता ती दहा महिन्यांची झाली होती, धरून उभी राहत होती आणि अजून सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत होते. आप्पांना काय पाहिजे होतं ते एवढंच. पोरगा घरी यावा आणि नातीला नाव मिळावं. त्यासाठी एका महासत्तेने आपलं परराष्ट्र धोरण बदलावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी जुना शेतरस्त्याचा नमुना उघडला. त्यात तीन जागा भराव्या लागतात. अर्ज कोणाकडे, अर्जदार कोण आणि गैरअर्जदार कोण. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो गैरअर्जदार.

"गैरअर्जदार कोण लिहू?"

"ज्यानं रस्ता अडवला तो."

"म्हणजे तो देश."

"हाव."

"आणि अर्ज कोणाकडे?"

"त्याच देशाच्या साहेबाकडं."

इतक्या वर्षांत दोन्ही जागी एकच नाव टाइप करायची पाळी माझ्यावर आली नव्हती. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ऑफिसच्या आवारातली एक शेळी येऊन टेबलाखालची पानं खाऊन गेली.

"पाह्य," ते हळूच म्हणाले, "इथंच अडलं हाय सारं. रस्ता अडवणाराही तोच, निकाल देणाराही तोच. आपल्या त्या बड्या शेतकऱ्यालेच तहसीलदार केलं असतं, तं माही गाडी आजही धुऱ्यावर उभी असती. हे लिह्य."

"असं थेट?"

"थेट नाही. नमस्कार-चमत्कार घालून लिह्य."

मग मी मुद्दाम उलट बाजू घेतली. वकिलांच्या संगतीने लागलेली खोड आहे. म्हटलं, "आप्पा, त्याचंही काही म्हणणं असेल. रस्त्याने कोणी चोरीचा माल नेत असेल तर त्याने अडवू नये का?"

आप्पा चिडले नाहीत. चिडण्याचा त्यांचा काळ सहाव्या तहसीलदाराबरोबर संपला होता.

"अडव ना बाप्पा. पंचनामा कर. माल उतरव, ज्याचा माल त्याले धर. पण गाडीवाल्याले घरी जाऊ दे. त्याले काऊन बांधून ठेवतं? त्याचं ना तेल, ना जहाज. आन् भांडण तुमचं कोणाशी, त्याचं नाव तं त्याले नकाशातही सापडत नव्हतं."

मी ऐकत होतो आणि टाइप करत होतो. आप्पांच्या बोलण्याचं सरकारी मराठी करणं हे माझं काम. 'आपले पूर्वीचे मा. साहेब यांनी घेतलेले निर्णय आपणांवर बंधनकारक नाहीत, ही बाब नम्रपणे निदर्शनास आणून देतो.' 'दोन देशांच्या वादात तिसऱ्या गावच्या मजुरास अडकवून ठेवण्याची पद्धत आपल्या कारकिर्दीत बंद व्हावी.' 'ज्याने रस्ता अडवला त्यानेच त्या रस्त्याचा निकाल देऊ नये, असे धोरण आपण आखावे.' शेवटचं कलम आप्पांनी जसंच्या तसं ठेवायला लावलं : 'मोठ्याने वाट दिली म्हणून त्याचे वावर कमी होत नाही, हे अर्जदार स्वानुभवाने सांगतो.' वावर म्हणजे शेत. तो बडा शेतकरी आता त्याच वाटेवर आप्पांना थांबवून चहा पाजतो, हे मला माहीत होतं.

खाली इंग्रजी तर्जुमाही केला. माझं इंग्रजी ॲफिडेव्हिटपुरतं आहे, त्यामुळे तो तर्जुमा वाचताना राष्ट्राध्यक्ष जणू कोर्टात उभे आहेत असं वाटत होतं.

"गैरअर्जदाराची जागा?" मी विचारलं.

"कोरी ठेव. वाचणाऱ्याले कळते."

प्रिंटर आवाज करत कागद ओढू लागला आणि मी त्या गुंगीत कुठल्या कुठे गेलो. मी समुद्र पाहिलेला नाही. नळगंगेचं पाणी डोळ्यांसमोर आणतो आणि पलीकडचा काठ काढून टाकतो, म्हणजे झाला माझा समुद्र. त्यावरून आप्पांचा अर्ज चाललेला मला दिसला. मग एक पांढरी इमारत, तिचा लांब व्हरांडा. तिथेही एक आवक-जावकचा बाबू असणार. तो शिक्का मारून नंबर टाकतो, चष्मा वर करतो, शेजारच्याला म्हणतो, "मोताळा कुठं आलं रे?" मग कागद या टेबलावरून त्या टेबलावर, कोणी घाई करत नाही, खिडकीतून ऊन येतं. शेवटी नवा साहेब तो अर्ज हातात घेतो आणि पहिलीच ओळ दोनदा वाचतो. मला खरंच वाटलं, की असं होईल. मनापासून वाटलं. एवढं साधं मागणं न कळण्याइतका मोठा देश कुठला असणार?

"झालं का बे?" आप्पांनी हलवलं.

सही झाली. प्रती झाल्या. अर्जाच्या तळाला 'प्रत माहितीस्तव' अशी यादी असते. ज्यांना निर्णय घ्यायचा नाही पण माहिती असावी, त्यांच्यासाठी. तिथे मी सवयीने त्या देशाच्या राजदूतांचं कार्यालय, जहाजाची कंपनी आणि खलाशांचं काम पाहणारं मुंबईचं सरकारी ऑफिस घातलं. पोस्टातल्या मॅडमनी राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं पाकीट हातात घेऊन आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि स्टिकर लावलं.

घरी जाऊन मी माझ्याजवळ ठेवलेली स्थळप्रत वाचली आणि कपाळाला हात लावला. नमुना शेतरस्त्याचा होता. शेवटची ओळ काढायची राहून गेली होती : 'तरी मा. साहेबांनी समक्ष स्थळपाहणी करावी. जाण्या-येण्यासाठी बैलगाडीची सोय अर्जदार करील.'

महासत्तेच्या प्रमुखाला मी बैलगाडीतून समुद्र पाहायला बोलावलं होतं. लाज वाटली. आप्पांना सांगायचा धीर झाला नाही. मोठं कोणी वाचलंच तर आता हसून फेकून देईल, माझ्या हलगर्जीपणाने म्हाताऱ्याचा अर्ज वाया गेला, असं मनाला लागून राहिलं.

तीनेक आठवड्यांनी फोन आला. मुंबईच्या त्या ऑफिसातल्या अधिकारी बाई होत्या.

"अर्जदारांचा फोन लागत नाही. अर्जाखाली टायपिस्ट म्हणून तुमचा नंबर आहे."

"हो मॅडम, आप्पा शेतात असतात. तिथं रेंज नाही."

"हे बैलगाडीचं काय आहे?"

मी सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "असे अर्ज माझ्याकडे ढिगाने येतात. खरं सांगू? वरवर चाळून फायलीत लावते. बैलगाडी दिसली म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचला. करार संपून पाच महिने झाले, असं दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय. खरंय?"

"कराराची कॉपी आहे माझ्याकडे."

"आजच पाठवा. आणि त्यांना खोटी आशा दाखवू नका. जहाज सोडवणं माझ्या हातात नाही. माणूस सोडवणं आहे."

करार संपलेल्या खलाशाला कंपनीने घरी पोचवलंच पाहिजे, असा नियम असतो. मात्र त्याच्या जागी दुसरा माणूस चढला पाहिजे. त्याला रिलीव्हर म्हणतात. कंपनी पाच महिने रिलीव्हर मिळत नाही म्हणत होती. बाईंनी कंपनीच्या मागे कसा तगादा लावला मला माहीत नाही, पण दीड महिन्यात रिलीव्हर मिळाला. गजानन घरी आला. निम्मा झाला होता. मुलगी आधी त्याच्याकडे जाईना, मग सोडेना. बारशाला मी जेवायला होतो. तिचं नाव सई ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी मी तो कोरा रकाना भरायचा अर्ज टाइप केला. टाइप करताना डोळे भरून आले, हे लिहायला हरकत नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाजाराच्या दिवशी आप्पा पुन्हा झाडाखाली आले. मला वाटलं आभार मानायला आले असतील. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली.

"गजूच्या जागी जो पोरगा चढला ना, त्याचं नाव हे. केरळाकडचा हाय. गजू म्हणे, तो शिडीनं वर येऊन राह्यला होता तवा मी खाली उतरून राह्यलो होतो. मधीच दोघाईनं हात मिळवला. त्याचंही नवं लग्न हाय म्हणते."

मी चिठ्ठी पाहिली. गजाननने त्याच्या गावाचं आणि बापाचं नावही लिहून घेतलं होतं.

"मग, आप्पा?"

"मंग काय? रस्ता तं अजून अडेलच हाय. अर्ज नव्यानं टाइप कर."

"पण अर्जदार कोण? त्याचे वडील केरळात."

"त्याच्या तहसीलीपुढं कोणी तुह्यासारखा बसते का नाही, कोणाले माहीत. अर्जदार म्हणून माहंच नाव राहू दे."

मूळ अर्जाला त्या पांढऱ्या इमारतीतून आजतागायत उत्तर आलेलं नाही. या धंद्यात मी शिकलो ते एवढंच, की अर्ज सगळ्यात मोठ्या साहेबाच्या नावाने करावा, पण 'प्रत माहितीस्तव' टाइप करताना घाई करू नये. काम झालंच तर तिथून होतं.

मी जुनी फाइल उघडली. तारीख बदलली. संदर्भात टाकलं : 'आमचा यापूर्वीचा अर्ज, अद्याप प्रलंबित.' गैरअर्जदाराची जागा तशीच कोरी ठेवली. शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा बैलगाडी खोडायला बोट उचललं होतं.

"ते राहू दे," आप्पा मागून म्हणाले. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "येतो म्हणला, तं गाडी जुंपून ठेवू."