साडभाऊंचं बंद दार

देवानं जगात अविश्वास वाटायला काढला तेव्हा आमचे साडभाऊ रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे असणार, आणि पोतं त्यांच्यापाशीच रिकामं झालं असणार, असं माझं पक्कं मत आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पांढुर्ण्याला, मी सौंसरला. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरणीसाठी तीन पायऱ्या ठरलेल्या होत्या: कोणी बरणी नुसती बघायची, कोणी झाकण उघडून वास घ्यायचा आणि कोणी प्रत्यक्ष फोड काढायची. मी पाहुणा असूनही वर्षानुवर्षं वासावरच होतो. ताईंनी फडताळामागे दुसरी बरणी ठेवली होती म्हणून निभलं; तिचा पत्ता साडभाऊंना अखेरपर्यंत लागला नाही. सायकलला त्यांनी दोन कुलपं लावली होती. एकाची चाबी डावीकडच्या शेजाऱ्याकडे, दुसऱ्याची उजवीकडच्याकडे. दोघं एका वेळी घरी सापडले तरच सायकल निघायची, त्यामुळे साडभाऊ जन्मभर पायी हिंडले. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, "माणूस चांगला असते भाऊ, पण एकटा असला का बिघडते."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. साडभाऊ ज्या संत्रेवाल्यांच्या सोसायटीत बाबू होते, तिथं एक कंप्युटर आला. तोवर त्यांची सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांना डिंक लावण्यात गेली होती. बोटं इतकी चिकट, की हात मिळवला तर सोडवायला तिसरा माणूस लागे. त्यांनी रजा टाकून नागपूरला कंप्युटरचा क्लास केला आणि परत येऊन एक प्रोग्राम लिहिला. सभासदांची सगळी माहिती त्या मशीनमध्ये, आणि ती कोणी बघायची, कोणी दुरुस्त करायची, कोणी पुसायची, याचा निवाडा करणारा हा प्रोग्राम दारावर बसलेला. अध्यक्षांना सगळं बघायची मुभा, पण हात लावायची नाही. गोडाऊनच्या बाबूला लिहायची मुभा, खोडायची नाही. आणि स्वतः साडभाऊंना? काहीच नाही. "ज्यानं कुलूप बनवलं, त्याले चाबी देत असते का कोणी?" हे वर मलाच विचारलं.

प्रोग्रामचं पहिलं दार उघडायचा परवलीचा शब्दही त्यांनी दोन तुकड्यांत ठेवला. एक तुकडा पांढुर्ण्याच्या बाबूनं स्वतःच ठरवून मनात धरायचा, दुसरा सावरगावच्या बाबूनं. एकानं आपला तुकडा टाईप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. हेच दोघं का, तर ही गावं जाम नदीच्या दोन काठांवरची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्यावरच्या झेंड्यासाठी दोन्ही काठ एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार. ज्यांची गावं अशी, ते दोघं संगनमत करणार नाहीत, हा साडभाऊंचा हिशोब. प्रत्यक्षात दोघं रोज एका डब्यात जेवत.

आणि पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी छिंदवाड्याहून साहेब येणार, असं कळलं. मशीन चालताना दिसलं तर राहील, नाही तर दुसऱ्या गावच्या सोसायटीला जाईल. साडभाऊंचं अन्न तुटलं. पुन्हा तो डिंक! दोघा बाबूंच्या घरी जाऊन त्यांनी गोटमारीला जाणार नाही म्हणून पोरांच्या शपथा घेतल्या. दोघंही गेले. त्या दिवशी त्या गावांतल्या माणसाला घरी बसवायचं तर खाटेला बांधावं लागतं, आणि तो खाटेसकट जातो.

तिसऱ्या दिवशी सावरगावचा बाबू कपाळाला पट्टी बांधून आला. तुकडा त्याला चांगला आठवत होता. पण गोटा आपल्या डब्यातल्या मित्रानंच मारला, अशी त्याची खात्री झाली होती. "याच्यासंग मी काहीच उघडत नाही." पांढुर्ण्याचा बाबू रडकुंडीला येऊन सांगत होता, की काठावर हजार हात होते. साडभाऊंनी पट्टीवाल्याचे पाय धरले. तो पाय सोडवून घराकडे निघून गेला. साहेबांनी चहा संपवला आणि म्हणाले, आपने बनाया है, आप ही खोलिए.

"साहेब, मले मुभा नाही."

"तो बनाया किसलिए?"

मशीन जीपमध्ये चढलं, तेव्हा धक्के लागू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचा शर्ट काढून पडद्याच्या काचेला गुंडाळला आणि बनियनवर घरी आले. दुसऱ्या दिवशी पाकिटं होतीच.

दिवाळीपर्यंत दोघा बाबूंचा डबा पुन्हा एक झाला. एका रविवारी ते साडभाऊंकडे माफी मागायला आले, मीही होतो. आता कशाचं गुपित, म्हणून आपापला तुकडा सांगू लागले, तर साडभाऊंनी दोन्ही कानांवर हात दाबले.

"नका सांगू बाप्पा. तिकडं ते मशीन अजून तसंच असन. माझं दार बंद असन."

मशीन गेलं त्या गावी माझा मावसभाऊ होता. तिथल्या लोकांनी पहिल्याच दुपारी सगळं पुसून त्यावर आपलं काम सुरू केलं होतं, हे मला त्याच्याकडून कळलं होतं. दोघा बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. साडभाऊंनी कानांवरचे हात हळूच सैल केले, मी काय म्हणतो ते ऐकायला.

"बंदच हाय, साडभाऊ," मी म्हणालो. "कोणाच्यानं उघडून नाही राहिलं."