विजयकर मास्तरांचं वजन

विश्वास कुणावर ठेवाल, मंडळी? काट्यावर, की काटा विकणाऱ्यावर? लालबागला माझं वजनकाट्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक हे विचारायचं आणि मी छातीठोक सांगायचो, "काट्यावर!" अशा दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. हे संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले, आणि सगळे एकाच माणसाचे.

*

विजयकर मास्तर परळच्या शाळेत सायन्स शिकवायचे. प्रयोगशाळेसाठी काटा घ्यायला आले आणि म्हणाले, "शेठ, वस्तूला वजन येतं कुठून?"

"मालातून!"

"चूक! हेलियमच्या अणुगर्भात चार कण. सुटे तोला आणि मग एकत्र तोला. एकत्र कमी भरतात!"

आमचा कारागीर पास्कल कानस खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे दुकानदारानं मापात मारलं!"

"नाही रे. एकमेकांना घट्ट धरताना तेवढं वजन शक्ती होऊन बाहेर पडलं. तिला बंधन-ऊर्जा म्हणतात."

मी चौथी शिकलेला. त्या दिवसापासून मास्तरांची पुस्तकं घरी नेऊ लागलो. पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं, की त्या कणांच्याही आतले मूळ कण जवळजवळ बिनवजनाचे असतात. तुमचं-माझं बहुतेक वजन म्हणजे त्यांची आतली धावपळ आणि एकमेकांना धरून ठेवणं! धावत जाऊन सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला?

*

एकदा मास्तर म्हणाले, घड्याळाला चावी दिली की ती शक्ती स्प्रिंगमध्ये साठते आणि तेवढं त्याचं वजन वाढतं. पास्कलनं गजराच्या घड्याळाला करकचून चावी दिली आणि ते सोनारी काट्यावर ठेवलं. काटा ढिम्म!

"मास्तर, चावी फुकट गेली!"

"वजन वाढलंय, पास्कल. तुझा काटा अडाणी आहे."

पास्कल दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

*

मग मास्तरांना क्षय झाला. "वजन वाढलं तर आशा आहे," डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात महिन्यातून एकदा तोलायचे; मास्तरांना तेवढा धीर नव्हता. दर सोमवारी ते आमच्या पोती तोलायच्या काट्यावर उभे राहायचे आणि आकडा वहीत लिहायचे. पहिल्या सोमवारी एकशे दहा पौंड. चौथ्या सोमवारी एकशे चार. त्या दिवशी पेन्सिल हातात धरून ते किती वेळ नुसते उभे होते!

पुढच्या सोमवारी दुकान उघडताना बघतो तर पास्कल काट्याच्या फळीखाली शिशाची चकती बसवतोय. मला न विचारता!

मी एवढंच म्हणालो, "अजून एक बसव."

"एकशे सहा!" मास्तर ओरडले. "पास्कल, वाढलं रे!"

*

मग सरकारी वजनमाप इन्स्पेक्टर आले. वाकून फळीखाली हात घातला. "हे काय?"

माझं लायसन गेलंच होतं. मी खरं ते सांगून टाकलं.

"दुसऱ्या कुणाचा माल तोलता यावर?"

"नाही साहेब. फक्त मास्तर."

त्यांनी खिशातून 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी काढली, सही केली आणि पास्कलला दिली. "मागच्या बाजूला लावा. त्यांना दिसेल अशी नको."

*

आंदोलनात लालबागला गोळ्या चालल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार आणि संचारबंदी. मास्तर करी रोडच्या चाळीतून काठी टेकत निघाले. हवालदारानं अडवलं.

"कुठं?"

"वजन करायला."

"आज?"

"काल माझा शेजारी गोळी लागून गेला, हवालदार. मी अजून किती उरलोय ते बघून येतो."

हवालदारानं त्यांचा दंड धरला आणि दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडलं. मी फळ्या लावून आतच बसलो होतो.

*

शेवटच्या सोमवारी पास्कलनं त्यांना उचलूनच काट्यावर उभं केलं. तोवर फळीखाली आठ चकत्या झाल्या होत्या.

"एकशे सात!" मी म्हणालो.

मास्तर हसले. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक महिन्याच्या आमच्या आकड्याशेजारी दवाखान्याचा आकडा होता. तिसरा रकाना फरकाचा, वर सुबक अक्षरात मथळा: बंधन-ऊर्जा.

"पास्कल, चकत्या काढ."

पास्कलनं एकेक काढली. आठही. काटा स्थिर झाला.

मास्तरांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आज तुम्ही लिहा, शेठ. खरं लिहा."