काशीला सोडलेला शेंगदाणा

मी सोलापूरकडची, आणि मला शेंगदाण्याची ॲलर्जी. माहेरी अजूनही कुणाचा यावर विश्वास नाही. तिशीपर्यंत मूठमूठ दाणे खाल्ले आणि एके दिवशी ऑफिसात चिक्कीच्या एवढ्याशा तुकड्यानं ओठ सुजले. डॉक्टरांनी कागद दिला. दाणे, कूट, दाण्याचं तेल बंद. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची, इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं आणि आजूबाजूच्यांना सांगून ठेवायचं. शेवटची गोष्ट मला सगळ्यात सोपी वाटली.

मी पुण्याजवळ नेरे गावात भाड्यानं राहते. घरमालकीण मावशी खाली, आणि त्यांच्या जुन्या शेतावर चढवलेल्या तीन मजल्यांत आम्ही हिंजवडीला कामाला जाणारे. मावशींचा माझ्यावर जीव, म्हणून दोन दिवसांआड वाटीभर भाजी वर येते. मी त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी तो मानानं फ्रिजवर चिकटवला आणि दुसऱ्याच दिवशी भरली वांगी पाठवली.

"दाणे नाहीत ना, मावशी?"

"येक दाणा न्हाई."

दुसऱ्या घासाला घसा आवळला. इंजेक्शन टोचून घेतलं आणि त्यांच्या मुलानं गाडीवरून दवाखान्यात नेलं. परतले तेव्हा मावशी दारातच बसल्या होत्या, डोळे रडून लाल.

"दाणे कुटं घातले व्हते? नुसतं कूट हाय. कुटाबिगर भाजी व्हती व्हय?"

जीव जाता जाता राहिला होता, तरी मला हसू आलं. हसणं महागात पडलं. मावशींना वाटलं, फार काही झालेलं नाही. मग त्यांनी माझ्यावर उपचार सुरू केले. आमटीत चिमूटभर कूट, सवय लागावी म्हणून. "तुज्या अंगात ताकद न्हाई, दुसरं काय न्हाई." वेळीच वास आला म्हणून वाचले. त्या दिवशी मात्र मी चिडले, नको ते बोलले. चार दिवस वाटी आली नाही, आणि मला करमेना.

दिवाळीला गावी जाऊन आले. मावशींनी जिन्यातच विचारलं, "कुटं गेल्तीस?" मी म्हणाले, "आईबाबांना काशीला नेलं होतं. तिथं शेंगदाणा सोडला."

काशीला गेलेला माणूस आवडीची एक वस्तू कायमची सोडून येतो. ती त्याला वाढणारा पापाचा धनी. मावशींनी हात जोडले. त्याच दिवशी माझ्यासाठी वेगळी कढई निघाली, वेगळा चमचा, सूर्यफुलाचं तेल. गावातल्या लग्नात त्या वाढप्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. "हिला न्हाई वाढायचं. हिनं काशीला सोडलंय." वाढपी बादली घेऊन दोन पावलं मागं सरकला. डॉक्टरांचा कागद फ्रिजवर तसाच होता. त्याच्यावर आता लग्नपत्रिका लावली होती.

वर्ष सुखात गेलं. एका रविवारी मी खालीच जेवायला बसले. मावशींच्या ताटात भाकरी, भाजी आणि कांदा. चटणी नाही. ही बाई दाण्याच्या चटणीशिवाय घास गिळत नसे.

"मावशी, चटणी संपली?"

"म्या बी सोडली. लई दिस झालं." त्या कांदा फोडत म्हणाल्या. "ह्या गुडघ्यांनी काशी काय व्हायची न्हाई. म्हनलं, तुज्यासंगं सोडावं. तेवढंच पुण्य."

मला लाज वाटली. खरं सांगावं तर त्यांची चटणी परत येईल, आणि तिच्या मागोमाग माझ्या वाटीत कूटही. मी पाणी प्यायले.

"गंगा लई मोठी आसंल न्हाई? आपल्या कासारसाईच्या धरणावाणी?"

"त्याहून मोठी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि मग माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. मी ती निर्धास्त खाल्ली.