पोलादी जहाजाचा आगवाला

'आगवाला' या शब्दाचं इंग्रजी मी 'आग लावणारा' अशा अर्थाचं केलं, आणि तसं सरकारी अर्जात लिहून दिलं. हसू नका. मी त्या वेळी शाळेत इंग्रजी शिकवत होतो.

अर्ज होता आमच्या गल्लीतल्या चाचांचा. नाशकात भडभुंज्याच्या भट्टीवर बसणारा हा उंच, पाठीत वाकलेला माणूस तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी पाहिला असेल. फुटाणे घ्यायला गेलं की आधी शिवी, मग फुटाणे. भट्टीत कुणी लाकडं ढीग करून कोंबली की ओरडायचे, "पसरून टाक, गधड्या! आगीला पण दम लागतो!"

चाचा चौदा सालच्या मोठ्या लढाईत एका लढाऊ जहाजावर आगवाले होते, म्हणजे बॉयलरखाली कोळसा मारणारे. मी एकदा नुसतं 'लोखंडी बोट' म्हणालो.

"लोखंडी तुमचा तवा, मास्तर! पोलाद होतं, पोलाद!"

पोलादाची जहाजं नवलाची होती तेव्हाचं ते. म्हातारं होऊन बंदरात पडून होतं. लढाई लागली तशी त्याची बॉयलरं पुन्हा पेटवली आणि एडनच्या पलीकडे, कालव्याच्या तोंडाशी पहाऱ्याला उभं केलं.

"वर तोफ उडाली की खाली आमच्या डोक्यावर कोळशाची पूड. आम्ही लढाई पाहिली ती एवढी," चाचा म्हणायचे आणि झारा कढईवर आपटायचे.

त्यांच्या जोडीला घोटीचा एक पोरगा होता. वाफेची जुनी नळी फुटली आणि तो चाचांच्या डोळ्यांदेखत भाजून मेला. त्याला समुद्रात सोडलं. घरी कागदाचा चिटोराही गेला नाही. गाव म्हणालं, पळून गेला. पंधरा-सोळा वर्षं त्याची आई ते ऐकत होती. घोटीच्या चावडीवर लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड बसणार असं कळलं, तेव्हा चाचा माझ्याकडे आले.

"माझं नाव नको. त्याचं घाला. पळाला नाही, असं लिहा."

मी लिहिलं. हा पोरगा आणि त्याचा जोडीदार सरकारी जहाजाला आग लावण्याचं काम इमानाने करीत होते, असं! विलायती कापडाच्या होळ्या पेटत होत्या ते दिवस. आठवड्यात दोन पोलीस घोटीत हजर. त्यांनी माझा अर्ज चावडीवर मराठीत करून वाचून दाखवला. गाव उलट खूश झालं. पळपुटा पोरगा एका दुपारीत देशभक्त ठरला.

मी चाचांना म्हणालो, "झालं ते बरंच झालं की. बट्टा तर गेला."

"बरं?" त्यांचा आवाज चढला. "त्यानं जाळलं नाही, मास्तर. तो जळला. शाळेत हेच शिकवता?"

मला दंडाला धरून ते घोटीला घेऊन गेले. चावडीवर उभे राहून ओरडले, "तुमचा पोरगा कोळसा मारता मारता मेला! पेटवलं-बिटवलं काही नाही! खरं सांगायला लाज वाटते तुम्हाला?"

"कोळसेवाल्याचं काय कौतुक, बाबा?" एकजण म्हणाला.

दुसरा उठला. "ह्यो सरकारचा मानूस हाय. काढा भाईर."

काढलंच. साठीच्या माणसाला ढकलत सडकेपर्यंत नेलं. चूक माझ्या लिहिण्याची, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पाटलाने चहा पुढे केला, तो मी घेतला.

दगड बसला. त्यावर पोराचं नाव नव्हतं. मी चूक दुरुस्त करून दुसरा अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की, जहाजावर कोळसा टाकणारे लढणाऱ्यांत धरत नाहीत. त्या साहेबाला एक दिवस बॉयलरपुढे उभं करायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ते उत्तर चाचांना दाखवायला गेलो, तर त्यांनी पाठ फिरवली. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. वर्षाच्या आत ते गेले.

ही बातमी सांगायला मी घोटीला पोराच्या आईकडे गेलो. म्हातारी भात सडत होती. ऐकून तिने मुसळ खाली ठेवलं.

"आजी," मी म्हणालो, "माझ्या एका शब्दाने हा सगळा घोळ झाला."

"शब्दाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते मानूस माज्या लेकासाठी साऱ्या गावाशी भांडलं. तू तवा पाटलाचा चहा पीत बसला व्हतास."